मोडीत काढलेली गवय

पोहे खाऊन झाले, इकडची तिकडची चौकशी झाली आणि सुलाबाईने सहज विचारावं तसं पाहुण्या मुलाला विचारलं, "मग सध्या कुठल्या जहाजावर हाय तुम्ही?"

"आयएनएस गवय," जयराम म्हणाला. "रणगाडे वाहून नेणारं जहाज आहे. लँडिंग शिप म्हणतात."

सुलाबाई कप गोळा करत होती. तिने एक कप उचलला, पुन्हा खाली ठेवला आणि जयरामच्या तोंडाकडे बघत राहिली.

"काय नाव म्हनाले?"

"गवय. म्हणजे रानगवा."

"त्यावर जुनी मानसं असतात का? लय वर्षं झालेली?"

"असतात की. वीस-पंचवीस वर्षं नोकरी झालेलेही आहेत."

कप तसेच टाकून सुलाबाई आत गेली आणि पाहुणे उठेपर्यंत बाहेर आली नाही. जयरामची आत्या विठाबाई, जिने हे स्थळ आणलं होतं, ती निघताना स्वयंपाकघराच्या दारात जाऊन म्हणाली, "येते हो सुलाबाई." आतून "हं" एवढंच आलं. शहाण्णव सालची दिवाळी नुकतीच झाली होती. फराळाचे डबेसुद्धा अजून रिकामे झाले नव्हते.

सुलाबाईचा नवरा सहादू एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात बॉयलरवर कामाला होता. पाहुणे गेल्यावर तो वैतागला. "अगं, काय हे? मुलगा सरकारी नोकरीतला, देवळालीचाच, बोलायला नीट. काय खटकलं तुला? रंग?"

"रंगाला काय करायचंय."

"मग?"

"तो खोटं बोलतोय. नायतर..."

"नायतर काय?"

ते "नायतर" काय, हे सुलाबाईला स्वतःलाही धड सांगता येईना.

तिचं माहेर मखमलाबादचं. वडील वाळूबाबा काकड फुलांची शेती करायचे आणि शेवंती, झेंडू पंचवटीत आणून विकायचे. त्यांचा एकुलता मुलगा बहिरू, सुलाबाईपेक्षा थोरला, अठरा पुरे होताच कोणाला न विचारता नौदलात भरती झाला. गाडीचा धूर बघायलासुद्धा नाशिकरोडला जावं लागणाऱ्या त्या घरात समुद्र कोणी पाहिला नव्हता. बहिरू सुट्टीवर यायचा तेव्हा ओट्यावर माणसं जमायची. तो सांगायचा, आमच्या जहाजाचं बूड सपाट आहे, ते थेट वाळूवर चढतं. मग त्याचं तोंड उघडतं, फळी खाली पडते आणि पोटातून रणगाडे बाहेर येतात. लोक म्हणायचे, सोड आता. तो म्हणायचा, रणगाड्यांचं काय घेऊन बसलात, आम्ही हत्ती नेले. दूर अंदमान-निकोबारला माणसं वसवायला नेली, त्यांच्यासाठी ट्रॅक्टर, म्हशी, पत्रे नेले आणि लाकडं ओढायला हत्ती. त्यावर सगळा ओटा हसायचा. सुलाबाई हसायची नाही. तिला ते खरं वाटायचं, कारण हत्तीला बोटीत उलटी झाली हे कोणी मनाने रचून सांगेल असं तिला वाटत नव्हतं.

सत्तर साली श्रावणात तार आली. बहिरू तापाने गेला. ग्रेट निकोबार बेटावर असताना गेला, तिथेच अग्नी दिला, अस्थी समुद्रात सोडल्या. पुढे त्याची ट्रंक घरी आली. आख्ख्या देशातून लोक आपल्या माणसांच्या अस्थी घेऊन रामकुंडावर येतात. वाळूबाबा रोज त्यांनाच फुलं विकायचे. आणि त्यांच्याच मुलाच्या अस्थी आल्या नाहीत. गुरुजींनी दर्भाचा पुतळा केला, त्याचे सगळे विधी झाले. बहिरूची आई नवसाबाई त्या दिवशी घाटावर आली नाही. "पाह्यलं कोनी त्याला?" एवढंच ती विचारायची. ज्याला त्याला विचारायची. हे विचारत विचारतच ती गेली.

त्यानंतर काही वर्षांनी निफाडकडचा एक खलाशी घरी येऊन गेला. बहिरूबरोबर काम केलेला होता. निघताना वाळूबाबांना म्हणाला, "बाबा, आपली गवय मोडीत काढली बरं का." वाळूबाबा तेव्हा ओसरीवर हार करत होते. त्यांनी सुई फुलात खोचून ठेवली. मग ते म्हणाले, "चला, तेबी गेलं." सुलाबाई तेव्हा माहेरपणाला आलेली होती, जिच्यासाठी आता हे स्थळ आलं होतं ती अंजली पोटात होती. भाऊ जिथे राहिला, वावरला ती जागाही आता तोडून, वितळवून भंगारात गेली, असं तिने मनाशी धरलं आणि तो विषय कायमचा मिटवून टाकला.

आता वीस वर्षांनी एक मुलगा तिच्या घरात पोहे खाऊन सांगत होता की मी गवयवर आहे.

तिने हे सगळं सहादूला सांगितलं. सहादूने डोकं खाजवलं. "मोडीत काढली म्हनजे तोडलीच असं कुठंय? आमच्याकडं नाय का, युनिट बंद करतात. लोकांना वाटतं झालं, गेलं भंगारात. मग वर्ष-दोन वर्षांनी दुरुस्त करून परत चालू."

सहादूने हे तिचं समाधान व्हावं म्हणून सांगितलं. पण झालं उलटंच. मुलगा खोटा नाही म्हणजे जहाज आहे. जहाज मोडलं असं सांगितलं होतं ते खोटं. आणि ते खोटं असेल तर त्याच लोकांनी, त्याच पद्धतीने सांगितलेलं दुसरंही...

एवढ्यावर ती विचार थांबवायची. भाजी निवडताना थांबवायची, पाणी भरताना थांबवायची. मग नकळत हिशेब करायची की बहिरू आता सत्तेचाळीसचा असता. केस गेले असते का? बाबांचे गेले होते. आणि ओळखलं असतं का आपण? मग स्वतःवरच चिडायची. तापात माणूस वेडा होतो, नाव विसरतो, कुठल्या तरी बेटावर राहून जातो, अशा गोष्टी तिने ऐकल्या होत्या. पण घरी एक निरोप देऊ नये इतका का तो विसरला असेल? आणि विसरला नसेल तर का आला नाही? जिवंत धरावा तर भावावर राग येत होता, मेलेला धरावा तर आता धरवत नव्हता.

तिच्या मनात काय चाललंय ते घरात कोणालाच कळत नव्हतं. अंजली बी.कॉम. करून नाशिकरोडच्या एका पतपेढीत लागली होती. तिला जयराम आवडला होता. आईला नौदलाची भीती वाटते असा तिने अर्थ लावला आणि ती समजावू लागली, "आई, आता लढाई नसते गं." विठाबाईला वाटलं, यांना दुसरं मोठं स्थळ आलंय. तिने बाजारात भेटल्यावर तोंड फिरवलं. सहादूने शेवटी देवळाली कॅम्पला कोंडाजी सुभेदारांना गाठायचं ठरवलं. कोंडाजी तोफखान्यातून निवृत्त झालेले, सहादूच्या लांबच्या नात्यातले. नवराबायको बसने त्यांच्याकडे गेले.

कोंडाजींनी सगळं ऐकून घेतलं. "मी जमिनीवरचा माणूस, वहिनी. जहाजाचं मला खात्रीनं सांगता येणार नाही," ते म्हणाले. "पण असं बघा, जहाज चाळीस चाळीस वर्षं चालतं. मी स्वतः एकदा त्या जातीच्या जहाजातून तोफा नेल्यात. ओकून ओकून जीव गेला. सपाट बुडाचं ना ते, उभं राहू देत नाही."

"पन मोडीत काढलेलं परत येतं का?"

"येतही असेल. सरकारी काम आहे."

"आणि मानूस गेला असं सांगितलं आणि तो गेलाच नाय, असं होतं का?"

सहादूने चमकून बायकोकडे पाहिलं. हे तो पहिल्यांदाच ऐकत होता. कोंडाजी सावकाश म्हणाले, "लढाईत झालंय असं. एखाद्याचं. पण तुमचा भाऊ लढाईत नव्हता."

"म्हनजे नाय होत?"

"मला माहीत नाही वहिनी," कोंडाजी म्हणाले. "माहीत नाही ते कसं सांगू?"

परतताना बसमध्ये सहादूने तिला एवढंच विचारलं, "इतके दिवस हे मनात होतं?"

जयरामने जाताना सांगितलं होतं की डिसेंबरात नौदल सप्ताहासाठी आमचं जहाज मुंबईला येणार आहे, तेव्हा लोकांना बघायला सोडतात, तुम्हीही या. तेव्हा ते कोणी मनावर घेतलं नव्हतं. आता सुलाबाई स्वतःच म्हणाली, "जाऊ आपन." अंजलीला आनंद झाला. आई मुलाचं काम बघायला निघाली, असं तिला वाटलं.

पंचवटी एक्स्प्रेसने तिघं मुंबईला गेले. गोदीच्या दाराशी ही मोठी रांग. जयराम पांढऱ्या शुभ्र गणवेशात बाहेर उभा होता. त्याने सुलाबाईला वाकून नमस्कार केला आणि वाट काढत तिघांना आत नेलं. चालताना त्याचे पाय थोडे फाकून पडत होते. बहिरूही असाच चालायचा. सगळेच खलाशी असे चालत असतील, हेही सुलाबाईला लगेच कळलं.

"हे आमचं," जयरामने दाखवलं.

सुलाबाईने वर पाहिलं. करडं, अवाढव्य, वीजकेंद्राच्या इमारतीएवढं. तिने बहिरूच्या सांगण्यावरून मनात जे जहाज केलं होतं ते याच्या निम्मंही नव्हतं. शिडीवरून चढताना तिने लोखंडाला हात लावला. आत जिने, अरुंद वाटा, तेलाचा आणि रंगाचा वास. येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येक पोक्त माणसाकडे ती बघत होती. एकदा तर टोपी घातलेल्या एका माणसाची पाठ दिसली, तेव्हा ती भराभर पुढे जाऊन त्याच्या तोंडाकडे बघून आली. तो कोणी सरदारजी निघाला. "आई, काय करतेस?" अंजली ओशाळून म्हणाली.

जयराम त्यांना जहाजाच्या पोटात घेऊन गेला. रेल्वेच्या मालधक्क्यासारखी लांबच लांब जागा, जमिनीत लोखंडी कड्या बसवलेल्या, आणि पार पुढच्या टोकाला बंद असलेले दोन प्रचंड दरवाजे. "इथे रणगाडे उभे असतात. या कड्यांना साखळदंडाने बांधायचे. किनारा आला की हे तोंड उघडतं."

"हत्ती कुठं बांधायचे?" सुलाबाईने विचारलं.

जयराम हसला. "हत्ती कसले, मावशी?"

तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "हत्ती जुन्या गवयवर होते."

बोलणारा माणूस चाळिशी ओलांडलेला, काळाकभिन्न, दंडावर बरीच चिन्हं असलेला होता. जयराम सावधानमध्ये उभा राहिला. "हे आमचे मास्टर चीफ, तांडेल साहेब. वेंगुर्ल्याचे."

"जुन्या म्हनजे?" सुलाबाई म्हणाली. "जुन्या म्हनजे कुठल्या?"

"ही दुसरी गवय, ताई. अठ्ठ्याऐंशी साली नौदलात आली. त्याआधी एक होती. ती निवृत्त झाल्यावर तिचं नाव हिला दिलं. आमच्यात तशी पद्धत आहे. आजोबांचं नाव नातवाला ठेवतात ना, तसं."

अंजली चट्‌दिशी म्हणाली, "म्हणजे मामाचं जहाज ते नाहीच हे!" आई इथे काय शोधत होती याचा आत्ता कुठे तिच्या डोक्यात उजेड पडला. सहादूने सुस्कारा सोडला. सुलाबाईला मात्र उजेडबिजेड काही दिसेना. ती ज्या भिंतींना हात लावत होती, ज्या जिन्यावरून भाऊ चढला असेल असं धरून चालत आली होती, त्यातलं काहीच त्याचं नव्हतं. नाव तेवढं होतं.

"मग ती मोडली ते खरंच," ती म्हणाली.

"मोडली नाही. मोडीत काढली, म्हणजे सेवेतून काढली. मी तिच्यावर शेवटचं वर्ष होतो, नवाच लागलेलो. रिकामी करून तिला ओढत बंगालच्या उपसागरात नेली आणि बुडवली."

"कोनी बुडवली?"

"आम्हीच. सराव असतो तोफांचा. निशाणा म्हणून जुनं जहाज ठेवतात." तांडेल पुढे म्हणाले, "लवकर बुडली नाही. आम्ही दुसऱ्या जहाजावरून बघत होतो. एकजण रडायला लागला तर वरिष्ठांनी त्याला खाली पाठवला."

"आपल्याच मानसांनी आपलंच जहाज?"

"हो."

सुलाबाई एका लोखंडी कडीकडे बघत उभी राहिली. हे जहाज ते नव्हे. ते जहाज मोडलं म्हणून सांगितलं तर ते मोडलंही नाही, बुडालं. ज्याने जे सांगितलं त्यातलं निम्मं खरं, निम्मं नाही. मग ती एकदम म्हणाली, "साहेब, मानसाचंबी असं होतं का? गेला म्हनून सांगायचं आणि..."

सहादू पुढे झाला आणि त्याने थोडक्यात सांगितलं. बहिरू काकड, सत्तर साल, ग्रेट निकोबार, ताप.

तांडेलांनी टोपी काढून बगलेत धरली. "नाशिकचा?"

"मखमलाबादचा."

"मी त्यांना पाहिलं नाही. मी फार नंतर गेलो. पण नाशिककडच्या एका पोराची गोष्ट जुन्या गवयवर सगळ्यांना माहीत होती. हत्तीवाला म्हणायचे त्याला. हत्तीला समुद्र लागला तर हा रात्रंदिवस त्याच्याजवळ, स्वतःच्या हाताने पाणी पाजायचा."

सुलाबाईने अंजलीचा दंड धरला.

"तिकडे तापाने गेला. पावसाचे दिवस होते. किनाऱ्यावरचं लाकूड सगळं ओलं, पेटेना. तेव्हा कप्तानांनी रणगाड्यांखाली घालायचे सागवानी ओंडके जहाजातून काढायला लावले. म्हणाले, लागतील तेवढे घ्या. जहाज वाळूवर चढलेलं होतं, तोंड उघडं. सगळी माणसं त्या फळीवर आणि वाळूत उभी होती. आमच्या वेळचा मुख्य आचारी तेव्हा तिथे होता, तो दर पावसाळ्यात एकदा तरी हे सांगायचा."

"म्हनजे पाह्यलं होतं त्याला?" सुलाबाई म्हणाली. "कोनीतरी पाह्यलं होतं?"

"सगळ्या जहाजाने पाहिलं, ताई."

ती मटकन खाली, त्या लोखंडावरच बसली. लोकांची रांग तिला वळसा घालून जाऊ लागली. कोणी विचारलं, चक्कर आली का? जयराम पळत जाऊन पाणी घेऊन आला. रडू येईल असं तिला वाटत होतं, पण आलं नाही. तिला आईची आठवण झाली, आणि आईला हे आता कुठे जाऊन सांगायचं ते सुचेना. भाऊ पुन्हा गेला होता, या वेळी साक्षीदारांसकट. गेल्या महिनाभरात तो सत्तेचाळीस वर्षांचा होऊन कुठल्याशा बेटावर हिंडत होता, तो आता पुन्हा एकवीस वर्षांचा झाला. त्याला सागवानाचा अग्नी मिळाला याचं बरं वाटत होतं आणि बरं वाटतंय याची लाजही. पाणी पिऊन ती उठली. तांडेलांना तिने हात जोडले. काय बोलायचं ते तिला ठरवता येईना, म्हणून ती म्हणाली, "नाशिकला आला तर घरी या."

परतीच्या गाडीत इगतपुरी गेल्यावर सहादूने विचारलं, "मग? विठाबाईला काय कळवायचं?"

"काय म्हनजे?" सुलाबाई म्हणाली. "पोरगा पान्यासाठी कसा पळाला, पाह्यलं नाय का तुम्ही?"

अंजली खिडकीकडे तोंड करून हसली.

लग्न पुढच्या वैशाखात झालं. जयरामच्या बदल्या झाल्या, कोची, विशाखापट्टणम, मग काही वर्षांनी पुन्हा गवयवरच. दोन हजार चारच्या डिसेंबरात त्सुनामी आली तेव्हा जहाज तांदूळ, तंबू आणि पिण्याचं पाणी घेऊन निकोबारला गेलं. अंजली तेव्हा एकलहऱ्याला आलेली होती. मायलेकी टीव्हीपुढे बसून राहायच्या. जहाज दाखवलं की सुलाबाई विचारायची, "हेच का?" आणि अंजली म्हणायची, "काय माहीत, आई, सगळी सारखीच दिसतात."

जयराम सुट्टीवर आला तो उन्हाळ्यात. वाळला होता. जेवण झाल्यावर तो आपणहून म्हणाला, "मावशी, मी तिकडे गेलो होतो. मामांना जिथे नेलं होतं त्या बाजूला."

लग्नानंतरही तो तिला मावशीच म्हणत असे.

"कसं हाय तिथं?"

"काही राहिलं नाही. किनारा होता तिथे पाणी आहे. नारळीची झाडं पाण्यातच उभी आहेत, वाळलेली. गावातल्या लोकांनाही जुनी वाळू कुठे होती ते नक्की सांगता येईना. एकजण इकडे हात करायचा, एकजण तिकडे." त्याने ताट बाजूला सारलं. "आम्ही सामान उतरवलं. मग मी फळीवर जरा उभा राहिलो. टोपी काढली. पण कुठल्या बाजूला तोंड करावं तेच कळेना."

"मग?"

"मग जे पुढे दिसत होतं तिकडेच हात जोडले. बरोबर केलं का, माहीत नाही."

सुलाबाईला वाटलं, बरोबर म्हणावं, पण तिलाही ते माहीत नव्हतं. "मलाबी नसतं कळलं, जावईबापू," ती म्हणाली, आणि बसल्या जागी पुढे सरकून तिने त्याच्या वाळलेल्या मनगटावर हात ठेवला.